परडे, मंदिर आणि मागे राहिलेले बी

(वाचकांनी प्रथम प्रेषितांची कृत्ये, अध्याय ९, ओव्या ३६ ते ४२ वाचाव्या.)

खेड्यातील मंडळीत एखादी वृद्ध बहीण प्रभूमध्ये निजली, म्हणजे प्रचारकावर एक अवघड काम येऊन पडते. पाळक दूरच्या गावी असतात. मूठमाती सायंकाळच्या आत द्यावयाची असते. आणि जमलेल्या लोकांपुढे चार शब्द बोलणे त्याच्याच वाट्यास येते. तो मंडळीचे पुस्तक उघडतो. त्यात बाप्तिस्म्याचे साल असते, नवऱ्याचे नाव असते, मुलांची नावे असतात. जन्मतिथी बहुधा नसतेच. ती शाळेत गेली नाही, तिने भाषण केले नाही, कोणत्याही सभेची ती अध्यक्षीण नव्हती. तिच्याविषयी सर्वांस ठाऊक असलेल्या गोष्टी दोनच : घरामागचे परडे तिने जन्मभर राखले, आणि मंदिरातील आपली जागा तिने कधी रिकामी ठेवली नाही. प्रचारकाच्या मनात येते, एवढ्यावर काय बोलावे? आणि त्याच्याही मागे एक खोल प्रश्न उभा असतो : एवढ्यावर एक आयुष्य पुरे होते काय?

या प्रश्नाचा विचार आज करावयाचा आहे. ज्या वृद्धेविषयी आम्ही लिहीत आहोत तिचे नाव येथे देत नाही. कारण ती एकटी नाही. साताऱ्यापासून कराड, इस्लामपूर, सांगली, मिरजेपर्यंत कृष्णाकाठच्या गावांत, आणि माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या तालुक्यांत, जेथे जेथे आमची लहानशी मंडळी आहे, तेथे अशी एखादी आजी आढळते. वाचकांनी आपापल्या गावच्या आजीचे नाव येथे घालून वाचावे.

तिचे परडे ते केवढे! दोन खाटांएवढी जागा. भोवती शेराचे किंवा बाभळीच्या काट्यांचे कुंपण. कुडावर घेवडा, मांडवावर दोडका, सांडपाण्याच्या आळ्यात अळू आणि एक केळ, कोपऱ्यात शेवगा व कढीलिंब, दाराशी शेवंती, झेंडू आणि गुलबक्षी. भांडी घासलेले पाणी तिने कधी वाया घालविले नाही. पुढल्या सालाचे बी ती राखेत घोळून मडक्यात ठेवी, आणि ते मडके माळ्यावर जेथे उंदीर व ओल पोहोचणार नाही अशा ठिकाणी असे. शेजारणीची लेक बाळंत झाली की शेवग्याचा पाला तिकडे जाई; प्रचारकाच्या घरी पाहुणा आला की चार दोडके न सांगता येत; आणि हंगामाच्या सणाला मंदिरात जो पहिला भोपळा दिसे, तो तिचा असे.

हे परडे लहान का होते, हेही विसरू नये. आमच्या पुष्कळ मंडळ्या ज्या घराण्यांतून आल्या, त्यांच्या वाट्यास गावाबाहेरची जागा आणि वतनाची चाकरी आली होती. महारवतन कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. सार्वजनिक पाण्यास हात लावण्यासाठी १९२७ साली महाडास चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर हजारो लोकांना जावे लागले. त्याच्या आधीच्या पिढ्यांतील स्त्रियांना गावविहिरीपाशी घागर घेऊन दुसऱ्याच्या दयेची वाट पाहत उभे राहावे लागे. अशा घरात जन्मलेली स्त्री आपल्या नावावर नसलेल्या मातीत फूल लावते, ही गोष्ट साधी नाही. जिला पाणी मागून आणावे लागले, तिने त्यातले तांब्याभर शेवंतीला घातले. हे जग देवाचे आहे, आणि त्यात मलाही काही लावण्याचा अधिकार आहे, असे ती न बोलता म्हणत होती.

आता प्रचारकाच्या अडचणींकडे वळू. पहिली अडचण अशी की, मेलेल्यांचे स्मरण म्हटले की आमच्या लोकांस पितृपक्ष आठवतो. पूर्वजांना पिंड देणे आम्ही सोडले. मग दरसाल आजीची आठवण काढणे हे त्याच वाटेने परत जाणे नव्हे काय? हा संशय प्रामाणिक आहे, आणि त्याची थट्टा करू नये. श्राद्ध करणारा मनुष्य देखील बहुधा प्रेमानेच ते करतो. परंतु त्याची समजूत अशी असते की मृताला काही तरी हवे आहे, आणि ते मी दिले पाहिजे. आमची श्रद्धा अशी की, जी प्रभूच्या हाती गेली तिला आमच्याकडून काही उणे नाही. मग स्मरण कोणासाठी? जिवंतांसाठी. यापो येथे टबीथा मरण पावली तेव्हा विधवांनी पेत्राला तिच्या हातचे अंगरखे व वस्त्रे रडत रडत दाखविली. त्यांनी तिच्यापुढे काही ठेवले नाही. तिने जे आपल्यापुढे ठेवले होते ते त्यांनी दाखविले. हाच दोहोंतील भेद होय. श्राद्धात आपण मृताला देतो. ख्रिस्ती स्मरणात मृताकडून जे मिळाले ते मोजतो, आणि ज्याने तिला दिले त्याचे उपकार मानतो. इब्रीकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातही वडील मंडळींची आठवण ठेवण्यास सांगितले आहे ते त्यांच्या विश्वासाचे अनुकरण व्हावे म्हणून.

दुसरी अडचण सिद्धांताची आहे. मनुष्य कृत्यांनी नव्हे, तर कृपेने तारला जातो, असे आम्ही दर रविवारी शिकवितो. मग भोपळे आणि फुले यांची स्तुती करून आम्ही आपलीच शिकवण मोडतो काय? या प्रश्नाचे उत्तर मला कोणत्याही पंडितापेक्षा परड्यात खुरपे घेऊन बसलेल्या बाईपाशी अधिक स्पष्ट दिसते. ती वाफा करते, आळे करते, शेणखत घालते, किडा वेचते. तरी बी फुटते ते तिच्या हाताने नव्हे. रात्री ती निजते आणि सकाळी माती उकललेली असते. कशी, हे तिला कळत नाही. मार्काच्या चौथ्या अध्यायातील दाखला तिने वाचला नसला तरी दर मृगात पाहिला आहे. पौलाने लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, परंतु वाढ देवाची, हे करिंथच्या मंडळीला लिहून कळवावे लागले. माळ्याला ते लिहून कळवावे लागत नाही. जी रोज कष्ट करते आणि तरीही फळाला 'माझे' म्हणत नाही, तिने कृपेचा धडा पाठ केला आहे असेच समजावे.

मात्र या स्तुतीत खोटेपणा शिरू देऊ नये. मरणाच्या दिवशी सर्वच माणसे देवदूत होतात, हा आमच्याकडील एक वाईट रिवाज आहे. आजीची जीभ तिखट असेल, पेरू चोरणाऱ्या पोरांमागे ती काठी घेऊन धावली असेल, एखाद्या सुनेस तिने रडविले असेल. हे मूठमातीच्या वेळी चव्हाट्यावर मांडू नये, हे खरे. पण ते नव्हतेच असेही म्हणू नये. जिचा स्वभाव मुळीच वाकडा नव्हता तिचे अनुकरण आम्हा वाकड्यांनी कसे करावे? जी वाकडी असून रविवारी पुन्हा येऊन बसली, तिच्यापासून आम्हांस काही शिकता येते.

येथे तिसरा प्रश्न येतो, आणि तो सर्वांत मोठा आहे. परडे आणि मंदिर या दोन भक्ती की एक? सोलापूर जिल्ह्यातील अरण गावचे सावता माळी सर्वांस ठाऊक आहेत. इसवी सन १२९५ साली त्यांनी देह ठेवला असे मानतात. आपला मळा हाच त्यांनी देवपूजेचे स्थान मानला. ते पंढरीस गेले नाहीत, देवच मळ्यात आला, अशी परंपरा सांगते. कष्टाच्या कामाला त्यांनी जो मान दिला, तो आमच्यासारख्या हातांनी कमावून खाणाऱ्यांनी आदराने स्वीकारावा. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात पाप जगात येण्यापूर्वीच मनुष्याला बागेची मशागत व राखण करण्यास ठेवले आहे. तेव्हा बागकाम हे शापाचे फळ नसून मनुष्याची पहिली नेमणूक होय. आणि पुनरुत्थानाच्या सकाळी मरीया मग्दालियेने प्रभूला पाहिले ते माळी समजूनच. ती चूक होती खरी, पण फार लांबची नव्हे.

परंतु आजकाल हाच विचार वेगळ्या तोंडाने ऐकू येतो. माझे शेत हेच माझे मंदिर, माझे काम हीच माझी प्रार्थना. मग रविवारी येण्याची गरज काय, असे आमचे काही तरुण बंधू म्हणतात. त्यांना आजीच्या वागण्याकडे पाहावयास सांगावे. कामात देव असतो हे तिला त्यांच्याहून अधिक ठाऊक होते. तरी घंटेचा टोला ऐकताच ती हातपाय धुऊन, लुगड्याचा पदर सावरून मंदिराकडे निघे. का? मला याचे कारण असे वाटते : परडे आपले ऐकते. झाड उलट उत्तर देत नाही. दोडक्याने कधी कोणाचा अपमान केला नाही. परड्यात मनुष्य शांत होतो, पण आपल्या शांतीला तो सहज आपला चांगुलपणा समजतो. मंदिरात मात्र ज्या जावेशी बोलणे बंद आहे ती शेजारी बसते; ज्याने बांध कोरला तो भाऊ प्रार्थना चालवितो; आणि प्रभुभोजनाच्या वेळी एकाच भाकरीचा तुकडा दोघांस घ्यावा लागतो. प्रीती करावयास कठीण अशा गोष्टीवर प्रीती करण्याची शाळा परडे नव्हे. ती शाळा मंडळी आहे. म्हणून एकत्र मिळण्याचे सोडू नये, असे जे इब्रीकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायात लिहिले आहे, ते माळ्यालाही लागू आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जो मंदिरात नेमाने येतो, पण ज्याच्या विश्वासाचे एक पानही शेजाऱ्याच्या भाजीत पडत नाही, त्याचे काय? परूशी पुदिना, शेप आणि जिरे यांचा दशांश मोजून देत; प्रभूने त्यांना दशांश देण्याबद्दल दोष दिला नाही, तर न्याय, दया व विश्वास सोडल्याबद्दल दिला. आजीने मंदिरात जे ऐकले ते परड्यात लावले, आणि परड्यात जे आले ते मंदिरात आणले. जाण्यायेण्याची ही पायवाट हीच तिची भक्ती. दोन टोकांपैकी एक काढून टाकले तर वाट उरत नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण येथे आठवते. पुण्याच्या शारदासदनाला आपल्या पायावर उभे राहता यावे, म्हणून त्यांनी केडगावास जमीन घेतली, विहिरी खोदविल्या, फळझाडे लावली. पुढे १८९६-९७ चा दुष्काळ पडला, आणि मध्यप्रांतातून आणलेल्या शेकडो निराधार मुली व विधवांना आसरा देण्यास तीच जमीन उपयोगी पडली. झाडे लावताना दुष्काळाची बातमी त्यांना नव्हती. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या, तोवर त्यांचे शेवटचे दिवस बायबलाच्या भाषांतरात गेले होते. ज्या हाताने विहिरीची आखणी केली त्याच हाताने शास्त्र लिहिले. यात त्यांना विरोध दिसला नाही.

आता एक कठीण प्रश्न टाळून चालणार नाही. आमच्या या भागात एका अंगाला महाबळेश्वरचा पाऊस आणि दुसऱ्या अंगाला माण-जतचे उन्हाळे. १८७६-७८ चा, १८९९-१९०० चा आणि १९७२ चा दुष्काळ आमच्या घराण्यांच्या आठवणीत आहे. अशा वर्षी मंदिरात ठेवण्याच्या फुलांना पाणी घालणे हे पाप नव्हे काय? बेथानीस मरीयेने बहुमोल सुगंधी तेल प्रभूच्या पायांना लाविले, तेव्हा ते विकून गरिबांस का दिले नाही, असा प्रश्न यहूदाने काढला. प्रभूने मरीयेची बाजू घेतली. म्हणून काहीजण म्हणतात, देवाच्या नावाने केलेला कोणताही खर्च योग्यच. हे उत्तर घाईचे आहे. मरीयेने ओतले ते तिचे स्वतःचे होते; शेजाऱ्याच्या घागरीतून तिने काढले नाही. हाच मुद्दा होय. भांडी घासलेले पाणी, अंघोळीचे पाणी, स्वतःच्या वाट्यातून राखलेला तांब्या हे आजीचे. ते तिने फुलाला घातले तर तिला बोलण्याचा अधिकार कोणाला नाही. परंतु टँकरचे पाणी सर्व वस्तीचे. त्यातून बागेला घातलेला एक हंडादेखील दुसऱ्याच्या लेकराच्या तोंडचा होय. शहाणी माळीण हा हिशेब जाणते. उन्हाळा कडक झाला की ती प्रथम फुले सोडते, मग भाजी सोडते. बी मात्र सोडत नाही. ज्या त्यागाची किंमत आपण देतो तो अर्पण. ज्याची किंमत शेजारी देतो तो अन्याय. देवळाची वर्गणी, लग्नाचा खर्च, नाताळाची शोभा या सर्वांस हेच माप लावून पाहावे.

शेवटी लहान आणि मोठे यांचा प्रश्न. या प्रांतातील मिशनच्या इतिहासात मोठी नावे आहेत. रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरास आले, डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेस १८९४ साली रुग्णालय उघडले. फुलांवर आणि मुलांवर कविता करणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली साताऱ्यास बिऱ्हाड केले, आणि तेथेच 'देवाचा दरबार' मांडला. यांची नावे दगडावर आहेत, आणि ती असावीच. त्यांची कामे लहान करून आजीला मोठे करण्याची गरज नाही. परंतु टिळकांच्याच घरातील गोष्ट पाहा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मोठेपणी लिहावयास शिकल्या, आणि १९३४ ते १९३६ या काळात त्यांची 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध झाली. त्यांत स्वयंपाकघर आहे, भांडणे आहेत, रुसणे-हसणे आहे. आणि आजही मराठी माणूस ते पुस्तक आवडीने वाचतो. लहान गोष्टी स्मरणास योग्य नसतात असे नव्हे. त्या लिहिणारे कोणी नसते, एवढेच.

विधवेच्या दोन टोल्यांविषयी प्रभूने जे माप घालून दिले, ते दिलेल्या रकमेचे नव्हे, मागे उरलेल्या रकमेचे होते. त्या मापाने मोजू गेल्यास आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ हिशेब उलटे होतील.

पण येथेच मंडळीने स्वतःस एक टोचणारा प्रश्न विचारावा. लहान कामाची थोरवी गाणे सोपे आहे, विशेषतः ते काम दुसरे कोणी करीत असेल तेव्हा. आजी वारल्यावर पंच आणि वडील तिच्या नम्रतेची वाखाणणी करतात. परंतु ती जिवंत असता मंडळीच्या बैठकीत तिला किती वेळा विचारले? विहीर कोठे खणावी, झाडे कोठे लावावी, कोणत्या घरात आज चूल पेटली नाही, हे तिच्याइतके कोणास ठाऊक होते? तिला सतरंजी झाडण्यास बोलाविले आणि निर्णय घेताना बाहेर बसविले, आणि आता तिच्या मौनाला आम्ही सद्गुण म्हणतो. कित्येकदा ते मौन तिचे नव्हते. आम्ही तिच्यावर लादलेले होते. ज्या स्तुतीने जिवंत बहिणींची जागा आणखी खाली जाते, ती स्तुती देवाला मान्य होईल असे मला वाटत नाही. नम्रता मनुष्याने स्वतः पत्करावयाची असते. दुसऱ्याने ती नेमून द्यावयाची नसते.

मग प्रचारक बंधूने काय बोलावे? पहिल्या प्रश्नाकडे परत येऊ : एवढ्यावर एक आयुष्य पुरे होते काय? याचे उत्तर परड्याच्या आकारात नाही. जे दिले होते त्याची राखण झाली काय, आणि त्यातून दुसऱ्याला मिळाले काय, एवढेच विचारले जाते. ज्या आजीविषयी दोन्ही प्रश्नांस होय म्हणता येते, तिचे आयुष्य पुरे झाले. प्रचारकाने मोठे शब्द शोधू नयेत. टबीथेच्या विधवांप्रमाणे वस्तू दाखवाव्या : हा शेवगा तिने लावला, या तीन घरांत तिच्या घेवड्याचे वेल आहेत, अमक्या वर्षी अमक्या आजाऱ्याला तिने एवढे दिवस पेज नेली. जमलेल्या लोकांस विचारावे, म्हणजे आणखी दहाजण सांगतील. आणि ते मंडळीच्या पुस्तकात, बाप्तिस्म्याच्या सालाखाली, चार ओळींत लिहून ठेवावे.

आणखी एक काम आहे, आणि ते बोलण्याहून महत्त्वाचे आहे. आजीच्या माळ्यावर बियांचे मडके असते. घरच्यांना पुष्कळदा त्याची आठवण राहत नाही. घर झाडताना ते उकिरड्यावर जाते. २००५ आणि २०१९ साली कृष्णेला महापूर आले, तेव्हा काठच्या किती घरांतील परडी आणि मडकी वाहून गेली हे सांगलीकडील वाचकांस सांगावयास नको. अशा वेळी ज्याने दुसऱ्याला बी वाटलेले असते, त्याचेच बी उरते; कारण ते पाण्याबाहेरच्या गावी कोणाच्या तरी कुडावर फुललेले असते. म्हणून मूठमातीनंतरच्या पहिल्या रविवारी घरच्यांच्या संमतीने ते मडके मंदिरात आणावे, उपकारस्तुती करावी, आणि मूठमूठ बी घरोघर द्यावे. कोणते बी कोणत्या नक्षत्रात लावावयाचे, हे तिच्या सुनेस विचारून घ्यावे.

आणि जिची आजी अजून जिवंत आहे, त्याने या कशाचीही वाट पाहू नये. आजच सायंकाळी तिच्या परड्यात जाऊन बसावे, आणि काय लावले आहे ते विचारावे. मंडळीच्या येत्या बैठकीला तिला बोलवावे. सतरंजी झाडण्यास नव्हे.